ब्लू हेरॉन: आवाजांवर उभं असलेलं कोळशाचं गाव

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बिग साउथ फोर्क नदीच्या खोल दरीत ब्लू हेरॉन आहे. खाण कंपनीच्या हिशेबात हे गाव म्हणजे 'माइन १८', खाण क्रमांक अठरा. स्टर्न्स कंपनीने १९३७ मध्ये इथे कोळसा काढायला सुरुवात केली आणि परवडेना म्हणून डिसेंबर १९६२ मध्ये काम थांबवलं. गाव पंचवीस वर्षंच नांदलं.

आधी नजरेत भरतं ते टिपल: कोळसा आकाराप्रमाणे चाळून खालच्या वाघिणींत भरणारा अवाढव्य सांगाडा. त्याला लागूनच नदीवरचा उंच पूल. पलीकडच्या खाणींतले भरलेले डबे यावरूनच टिपलवर येत. आता तो पायी ओलांडता येतो. मी मधोमध थांबून खाली पाहिलं, तेव्हा कळलं की या गावाचा जीव या पुलातच होता.

घर मात्र एकही उरलेलं नाही. खाण बंद झाल्यावर काही पाडली, काही कुजली. १९८० च्या दशकात शाळा, चर्च, दुकान, घरं यांच्या जागी नुसते लोखंडी खांब आणि छपरं उभारली. भिंती नाहीत. हा निर्णय मला फार योग्य वाटला. खोटी जुनी घरं बांधली असती तर इथल्या माणसांचा अपमान झाला असता. प्रत्येक सांगाड्यात एक बटण आहे. दाबलं की इथे राहिलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. शाळेच्या छपराखाली मी एकटीच होते. बोलणं संपलं आणि पाठोपाठ नदीचा आवाज आला. मी पुन्हा बटण दाबलं.

घाई करू नका. सगळं ऐकायचं तर दोन-अडीच तास हवेत. स्टर्न्स गावाहून हंगामात पर्यटक रेल्वे येते. गाव रेल्वेच्याच आधाराने जगलं, त्यामुळे तसं येण्यात अर्थ आहे, पण गाडी इथे थोडाच वेळ थांबते. निवांत ऐकायचं असेल तर आपली गाडी आणा; ७४२ क्रमांकाचा रस्ता थेट इथवर उतरतो. प्रवेशशुल्क नाही. दरीत फोनच्या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. पाणी आणि खायचं सोबत असू द्या.

जमलं तर आधी स्टर्न्समधलं संग्रहालय बघा. ते कंपनीच्या जुन्या मुख्य कचेरीतच आहे. हुकूम कुठून सुटत होते ते पाहून मग दरीत उतरा.