हार गाऊ आणि मोदकाचा हात

मेलबर्नच्या चायनाटाउनमधे लिटल बर्क स्ट्रीटला एका कँटनीज हॉटेलात मी वीकेंडला रनर आहे, म्हणजे किचनमधून बांबूच्या टोपल्या उचलायच्या आणि टेबलावर नेऊन ठेवायच्या. डिम सम, म्हणजे छोटे छोटे, बहुतेक वाफवलेले कँटनीज पदार्थ, तसं सकाळचं खाणं. ते लोक त्याला यम चा म्हणतात, म्हणजे चहा पिणं, सोबत दोन घास. पण आमच्याकडे ते रात्री 1 पर्यंत मिळतं आणि शनिवारी साडेदहानंतर दुसऱ्या हॉटेलांतले कुक ड्युटी संपवून येतात, टॅक्सीवाले येतात, तीन पिढ्यांची कुटुंबं गोल टेबलाभोवती बसतात, झोपलेलं पोर मांडीवर आणि आजी सिऊ माय, म्हणजे वरून उघडे वाफवलेले डंपलिंग, वाढतेय, असा सगळा गलका. मला तो गलका फार आवडतो.

त्या शनिवारी डिम समवरचा एक जण आलाच नाही. 11 च्या सुमाराला भरून ठेवलेले हार गाऊ संपले आणि डॉकेटचा, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा प्रिंटर काही थांबेना. आमचे सिफू, म्हणजे मुख्य कारागीर, त्यांना सगळे सिफूच म्हणतात, त्यांनी मला हाक मारली आणि हात धुऊन ये म्हणाले. गणपतीत मी त्यांना फोनवर उकडीचे मोदक दाखवलेले, ते त्यांच्या लक्षात होतं.

हार गाऊ म्हणजे कोळंबीचं सारण भरलेली पारदर्शक करंजी म्हणा. वरचं आवरण गव्हाच्या स्टार्चचं, त्यात थोडं टॅपिओका, आणि पाणी खळखळतं ओतायचं नाहीतर पीठ शिजत नाही आणि लाटताना फाटतं. हे मला सांगावं लागलं नाही. गुहागरला आजीच्या हाताखाली तांदळाची उकड मळलेली, चटका बसत असतानाच मळायची हे हाताला माहीत होतं, त्यामुळे पीठ पहिल्याच झटक्यात जमलं. सिफूंनी बोटाने दाबून बघितलं आणि काही न बोलता पुढे सरकवलं. मग रुंद सुऱ्याचं पातं तेलात पुसून गोळीवर ठेवायचं आणि दाबत फिरवायचं, एका फिरकीत पातळ चकती तयार.

अडलं ते कळ्यांवर. मोदकाला आपण चारी बाजूंनी कळ्या घेतो आणि वर टोकाशी एकत्र आणतो ना, तसंच हात आपोआप करायला लागले आणि सिफूंनी माझे पहिले सहा तिथल्या तिथे मोडले. हार गाऊला कळ्या फक्त एका बाजूला असतात, पलीकडची बाजू सपाट, डाव्या अंगठ्याने धरून ठेवायची आणि उजव्या बोटाने एकेक घडी आत ढकलत न्यायची, जाणकार तर घड्याच मोजतात. वीस वर्षांची सवय दहा मिनिटांत मोडायची, बाहेर प्रिंटर कटकट करतोय, डोळ्यात पाणी आलेलं पण पुसायला हात मोकळा नाही. सातवा उभा राहिला. बारावा बरा झाला.

साडेबाराला मी परत बाहेर. कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलावर एक आजोबा दर शनिवारी एकटेच बसतात, किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की समजायचं गरम पाणी हवंय. मी त्यांची टोपली नेली तेव्हा मला माहीत होतं त्यात चारपैकी दोन माझे आहेत. जुन्या लोकांत म्हणतात हॉटेल कसं आहे ते हार गाऊवरून कळतं. मी चहा ओतला, त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं टेबलावर टकटक वाजवली, ही त्यांची थँक्यू म्हणायची पद्धत, आणि मी मुद्दाम दुसऱ्या टेबलाकडे गेले, बघत उभं राहवेना.

टोपली परत आली तेव्हा एक उरलेला. खालून फुटलेला, रस सगळा कागदावर. सिफू परत आलेली प्रत्येक टोपली बघतात हे मला त्या रात्री कळलं. त्यांनी तो चॉपस्टिकने उलटा केला, सपाट बाजूला जोडाजवळ चकती जाड राहिली होती आणि बुडाशी फारच पातळ, तिथेच बोट ठेवून दाखवलं. मग विचारलं, पुढच्या शनिवारी 9 ला येशील का, शिफ्टच्या आधी.

86 नंबरच्या ट्रामची वाट बघत बर्क स्ट्रीटवर उभी होते तेव्हा रात्रीचे पावणेदोन, आणि डावा अंगठा अजून वाकलेलाच होता.