शिडाची होडी घेऊन जाता तरी कुठे?

पुण्यात नातेवाइकांच्या बैठकीत आमच्या होडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा हमखास "पण ती घेऊन जाता तरी कुठे?" हा असतो. पहिल्या प्रश्नाला बगल देता येते, कारण होडी चार मित्रांच्या सामाईक मालकीची आहे आणि तीही जुनी घेतलेली आहे, एवढे सांगितले की लोकांचा रस संपतो. दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र कोणालाच पटत नाही. मुंबई बंदरात ज्या बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, होडी बांधलेली असते तिथून आम्ही निघतो, दुपारभर पाण्यावर असतो आणि दिवेलागणीला त्याच बोयाशी परत येतो. माझ्या ओळखीचे बहुतेक शीडहोडीवाले असाच वेळ घालवतात, आणि त्यात काही राहून गेले असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

पहाटे द्रुतगती मार्गाने निघून दहाच्या सुमारास होडीवर पोहोचलो तरी शीड उभारण्याची घाई कोणी करत नाही, कारण ती वाऱ्याने कूस बदलण्याची वेळ असते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात; ऊन चढले की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे बंदरात शिरू लागतात. या दोहोंच्या मध्ये वारा अगदी पडतो. नवख्या पाहुण्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि तो इंजिनाकडे आशेने पाहू लागतो, पण होडीवाल्यांचा तो आवडता वेळ असतो. याच वेळात दोऱ्या तपासल्या जातात, दोऱ्या ज्यांवरून फिरतात त्या कप्प्यांच्या चाकांत तेलाचे थेंब सोडले जातात, डबे उघडले जातात आणि आज वारा किती वाजता भरेल यावर प्रत्येक जण ठाम मत देतो.

वाऱ्याबरोबर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 4 मीटरांहून अधिक फरक पडतो, आणि एवढे पाणी बंदराच्या तोंडातून आत-बाहेर करताना जोराचा प्रवाह तयार होतो. आमची होडी मध्यम वाऱ्यात सुमारे 4 नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास चालते. समोरून 2 नॉटचा प्रवाह असला तर निम्मा वेग तिथेच जिरतो, आणि वारा थोडा मंदावला की किनाऱ्यावरची एकच इमारत अर्धा तास शेजारी उभी असल्याचे दिसते. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहायचे, जाताना आणि येताना प्रवाह पाठीशी कसा मिळेल ते ठरवायचे, आणि मग वाऱ्याने ते ठरवलेले मोडीत काढले की पुन्हा ठरवायचे.

कुठे पोहोचण्यासाठी शिडाची होडी हे सोयीचे वाहन नाही, याचे आणखी एक कारण भूमितीत आहे. वारा जिकडून येतो त्या दिशेला होडीला सरळ जाता येत नाही. त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा तिला वर्ज्य असतो. त्यामुळे वाऱ्याच्या उगमाकडे 10 किलोमीटर जायचे असेल तर आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वळणे घेत 14 किलोमीटर तरी कापावे लागतात, आणि प्रत्येक वळणाला, म्हणजे टॅकला, शीड या अंगावरून त्या अंगावर जाते, माणसे वाकून पलीकडे सरकतात आणि दोऱ्या एकीकडून सोडून दुसरीकडे ओढल्या जातात. मोटारबोटीवाल्याला हे सारे निरर्थक वाटते. शीडहोडीवाल्याला मात्र नेमके हेच हवे असते, आणि वारा पाठीमागून सरळ येऊ लागला की आमच्यातील दोघे चक्क कंटाळतात.

काठावरून पाहणाऱ्याला चार माणसे निवांत बसलेली दिसतात; प्रत्यक्षात त्यांपैकी एकाचीही नजर शिडावरून हलत नसते. शिडाची किनार फडफडू लागेपर्यंत दोरी सैल सोडायची आणि फडफड थांबेल तेवढीच पुन्हा ओढायची, हा शिडाचा पहिला नियम एका दुपारी शिकता येतो, पण तो सतत पाळण्यात आयुष्य जाते, कारण वारा पाच मिनिटेसुद्धा एकाच दिशेने एकाच जोराने येत नाही. शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे आखूड धागे चिकटवलेले असतात; दोन्ही धागे मागे सरळ वाहत असले की हवा शिडावरून नीट सरकते आहे असे समजायचे. मोठ्या पदांवर काम केलेली माणसे दोन इंच लोकरीकडे तासन्‌तास एकाग्रतेने पाहत बसतात, हे दृश्य घरच्यांना दाखवण्यासारखे नाही. सारे जुळून आले की सुकाणूवरचा हाताचा ताण एकाएकी कमी होतो, होडी थोडी कलते आणि वेग वाढतो. हा वाढलेला वेग सायकलीहून कमीच असतो.

शर्यतीची आवड असलेल्यांचा पंथ वेगळा. त्यांना वेळेचे, नियमांचे आणि एकमेकांच्या चुकांचे भारी अगत्य असते. मी त्या पंथात नाही, तरी शेजारून त्याच दिशेने दुसरे शीड चालले असेल तर आमच्या होडीवरच्या गप्पा आपोआप बंद होतात. काही जण मांडव्याकडे जाऊन नांगर टाकतात, काही घारापुरीच्या आडोशाला जेवतात. आमच्याकडे थालीपीठ आणि दही हा बेत ठरलेला आहे, कारण कललेल्या होडीत रस्सा टिकत नाही.

पुण्याला समुद्र नसला तरी शिडांची ओळख आहे. मुळा-मुठेच्या काठी बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा आहे, आणि खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या छोट्या होड्या चालवायला शिकतात. अशा तलावांवर भरती-ओहोटी नसते, पण डोंगर असतात, आणि डोंगरांवरून उतरणारा वारा क्षणात दिशा बदलतो. उन्हाळ्यात संध्याकाळी घाट ओलांडून पुण्यापर्यंत येणारी पश्चिमेची झुळूक पुणेकर गच्चीत बसून उपभोगतात. तिथे लहान होडीत बसलेल्याला तीच झुळूक पाण्यात पाडू शकते. लेझरसारखी एकट्याने चालवायची होडी जेमतेम सव्वाचार मीटर लांब असते. ती उलटली की खालच्या फळीवर उभे राहून अंगाच्या भाराने ती सरळ करायची आणि ओल्या कपड्यांनी पुढे निघायचे. अशा होड्यांवर तयार झालेल्या माणसाला वारा मानेवर आधी कळतो आणि शिडावर नंतर दिसतो, हे मी मोठ्या होडीवर वारंवार पाहिले आहे.

पावसाळ्यात या सगळ्याला विराम मिळतो. जूनच्या आधी होड्या पाण्याबाहेर काढल्या जातात आणि तळाला चिकटलेले शिंपले व शेवाळ खरवडण्यापासून नव्या रंगापर्यंतची कामे निघतात. हा रंग मुख्यतः तांब्याची संयुगे घातलेला असतो, म्हणजे समुद्री जीव सहजी चिकटत नाहीत. खारे पाणी धातू खाते आणि ऊन शिडाचे कापड कुजवते, त्यामुळे काम कधी संपत नाही, आणि ते संपावे अशी मालकांची फारशी इच्छाही दिसत नाही.

कुठेतरी जाण्याचा विषय निघाल्यावर दिलीप दोंदे यांचे नाव घ्यावेच लागते. गोव्यात बांधलेल्या "म्हादेई" या होडीतून त्यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन ही चार बंदरे घेतली. त्यानंतर 2012-13 मध्ये त्याच होडीतून अभिलाष टॉमी कोठेही न थांबता फिरून आले. दोघेही मुंबईहून निघाले होते आणि मुंबईलाच परतले, हे मी त्या बैठकीत आवर्जून सांगतो.

ज्यांना होडी विकत न घेता हा अनुभव हवा आहे त्यांनी एखाद्या मालकाला सरळ विचारावे. शीड सांभाळायला, दोऱ्या ओढायला आणि दुसऱ्या बाजूला वजन म्हणून बसायला माणसे नेहमीच कमी पडतात. विचारणा सप्टेंबरात केलीत, तर हातात दोरीच्या आधी पॉलिशपेपर येईल.