पुरुमेंताच्या यादीत एक लायटर

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी निघते. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, उकडे तांदूळ, कांद्याच्या माळा. मेणबत्त्या आणि काडेपेट्यांचा पुडा यादीच्या शेवटी असतोच. त्यातल्या मेणबत्त्या ऑगस्टपर्यंत टिकतात, काड्या टिकत नाहीत. जुलैच्या हवेत काडेपेटी सादळते. काडी ओढली की गुलाचा चुरा होतो, नाहीतर पेटीच्या कडेचा तपकिरी पट्टाच सोलून निघतो. आजच्या काड्या भिंतीवर घासून पेटत नाहीत, कारण तांबडा फॉस्फरस त्या पट्ट्यात असतो, गुलात नाही. काड्या डब्यात खडखडीत राहिल्या आणि पट्टा ओला झाला, तरी हाती अंधारच.

‘स्वयंपाकघरात लायटर आहे की’ असं ज्यांना वाटतं त्यांनी तो मेणबत्तीच्या वातीला लावून पाहावा. काही होणार नाही. त्या टकटक लायटरमध्ये इंधन नसतंच. आत एक छोटी हातोडी स्फटिकावर आपटते आणि टोकाशी ठिणगी पडते. समोर गॅस सुटलेला असेल तरच ज्योत. सिलिंडर संपला की तो नुसता दांडका.

म्हणून खिशातला लायटर हवा, घरात कोणी सिगारेट ओढत नसलं तरीही. आणि तो सगळ्यात साधा हवा: दातेरी चाकाचा, पारदर्शक अंगाचा, ब्युटेनवर चालणारा. फॅशनेबल लायटरांचा मोह इथे नडतो. निळी फुंकर मारणारा जेट लायटर वाऱ्यात छान चालतो, पण त्याची ठिणगी विजेची असते. आत ओल शिरली की ठिणगी भलतीकडूनच निघून जाते आणि गॅस नुसता सुसाटत राहतो. शिवाय तो गॅस पितो फार. झाकणाचा पेट्रोल लायटर दिसायला देखणा, पण त्यातलं इंधन झाकणाच्या फटीतून उडून जातं. दोन आठवडे कपाटात पडला की कोरडा. रोज वापरणाऱ्याला तो ठीक, वर्षातून दोनदा लागणाऱ्याला नाही. चार्जिंगचा लायटर तर वीज गेल्यावर उपयोगी पडावा म्हणून घ्यायचा आणि विजेवरच भरायचा, हा विनोदच आहे. त्याच्या दोन टोकांमधली फटही इतकी अरुंद असते की मेणात बुडालेली वात तिथे पोचत नाही.

घेताना आयएसआयची खूण पाहावी. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीस रुपयांहून कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली, तरी गाड्यांवर कसलेही लायटर दिसतात. लायटरसाठी आयएसओ ९९९४ हे मानक आहे. त्यात लायटर दीड मीटरवरून टाकून पाहतात, ६५ अंश सेल्सियसला चार तास ठेवतात आणि बोट काढल्यावर ज्योत लगेच विझते का हेही तपासतात. फुटकळ लायटर नेमका इथेच मार खातो. दुकानातच दोन गोष्टी बघा. कळ सोडल्यावर ज्योत तत्काळ गेली पाहिजे, आणि कानाशी धरल्यावर बारीकशी फुस्स ऐकू आली नाही पाहिजे.

आतली रचना समजली की बिघाड आपोआप समजतात. खाली टाकी, त्यात द्रवरूप ब्युटेन. वर कळ, ती दाबली की झडप उघडते आणि गॅस बारीक तोंडातून बाहेर येतो. शेजारी दातेरी चाक, त्याच्याखाली स्प्रिंगवर बसवलेला भाताच्या दाण्याएवढा खडा. हा खडा म्हणजे खाणीतली गारगोटी नव्हे, तर सिरियम आणि लोखंडाचा मिश्रधातू. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाखने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाक त्याचे कण खरवडतं आणि ते हवेत आपसूक पेटतात. ठिणगी आधी, गॅस लगोलग, एकाच अंगठ्याने.

ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो. त्यामुळे हिमालयातल्या थंडीत रुसणारा लायटर गोव्यात कधी रुसत नाही. आपल्याकडे त्याचे वैरी वेगळे: दाब, ओल, खारी हवा आणि ऊन.

दाब म्हणजे कळीवर नकळत पडणारा दाब, आणि तोच पहिला गुन्हेगार. पिशवीत लायटर, त्यावर पाण्याची बाटली, त्यावर छत्री. बाटली कळीवर टेकली की ठिणगी पडत नाही, पण झडप उघडी राहते. फोंड्याहून पणजीला पोचेपर्यंत टाकी रिकामी. महिनाभराने काढलेला लायटर पेटत नाही तेव्हा दहातल्या नऊ वेळा खडा शाबूत असतो, गॅस गेलेला असतो. यावर उपाय फुकटात आहे. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागायचा. दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापायची, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायची. तिच्या एका टोकाची घडी कळीच्या खालच्या फटीत सारायची आणि उरलेली पट्टी लायटरभोवती ताणून गुंडाळून शेवट आत खोचायचा. आता कळ दाबलीच जात नाही. पट्टीचा दुसरा उपयोगही आहे: त्यातला नखाएवढा तुकडा कापून पेटवला तर तो ओलसर असला तरी काळा धूर सोडत जळत राहतो आणि काटक्यांना धग देतो. घराच्या आत मात्र नको, वास जात नाही. ट्यूब नसेल तर बारीक केबल टाय कळीखाली आवळावा. पण तो सोडवायला कात्री लागते, आणि अंधारात कात्री कोण शोधणार.

लायटर पाण्यात पडला तर घाबरायचं नाही. टाकी बंद असते, भिजतं ते फक्त चाक आणि खडा. लायटर उलटा धरून तीन-चारदा जोरात झटकायचा, तोंडाने फुंकायचं, मग कळ न दाबता चाक कोरड्या कापडावरून पंधरा-वीसदा फिरवायचं. आधी चिखलासारखा करडा लगदा निघतो, तो खड्याचाच आहे. पुसायचा. मग काही वेळाने एखादी ठिणगी दिसते आणि तिथून पुढे लायटर रुळावर येतो. ओल्या अंगठ्याने चाक फिरवत राहिलं तर दिवसभर काही होत नाही, कारण दर वेळी नवं पाणी आत जातं. आधी अंगठा पुसा.

खारी हवा हळू काम करते. बांबोळीपासून काणकोणपर्यंत समुद्राजवळच्या घरांत उघडा पडलेला लायटर वर्षभरात गंजतो. चाक तांबूस होतं, आणि खडा ओलीने भुसभुशीत होऊन फुगतो व नळीत अडकतो. चाक फिरतच नसेल, किंवा फिरतं पण करडी भुकटीच पडते, तर तो लायटर दुरुस्तीच्या पलीकडे गेला. म्हणून हवाबंद झाकणाची छोटी डबी घ्या. लायटर आत, सोबत औषधाच्या बाटलीत येते तसली सिलिका जेलची पुडी.

आणि ऊन. एप्रिल-मेत काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर लायटर म्हणजे छोटा फटाका. आतला दाब वाढतो, प्लास्टिक मऊ पडतं. स्कूटरच्या सीटखालची डिकीही तशीच, वर इंजिनाची धग आणि खड्ड्यांचे धक्के. गाडीत ठेवायचाच असेल तर प्रवासापुरता अंगावर ठेवा, उतरताना सोबत न्या. घरासाठी दोन पुरेत: एक मेणबत्त्यांच्या डब्यात, एक वीज गेल्यावर हात सरळ पोचेल अशा ठरलेल्या खणात. दोन्ही मुलांच्या हाताबाहेर.

लायटर स्वतः फार वेळ जळण्यासाठी नसतो, हे पुष्कळांना उमगत नाही. दहा सेकंदांच्या वर ज्योत धरली की वरचा पत्रा तापून अंगठा भाजतो, आणि तोंडाजवळचं प्लास्टिक वितळलं तर झडप नीट बसत नाही. त्याला टॉर्च समजू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं तारांवर पडून अनेक गावं काही दिवस अंधारात होती. तेवढा काळ लायटरच्या उजेडात काढता येत नाही. लायटरने पेटवायची ती मेणबत्ती, कंदील किंवा चूल. म्हणून डबीत लायटरइतकंच महत्त्व सोबतच्या पेटवणाला.

पेटवण आपल्या घरातच आहे. देवघरातल्या फुलवाती घ्या, प्रत्येकीला वाटाण्याएवढं व्हॅसलीन चोळा, पण टोकाशी थोडा कापूस कोरडा सोडा. तो लगेच पेट घेतो आणि मग व्हॅसलीन तीन-चार मिनिटं जळत राहतं. दहा-बारा वाती एका छोट्या डबीत मावतात. खोबरेल लावू नका. ते साधारण चोवीस-पंचवीस अंशांनाच वितळतं, म्हणजे गोव्यात जवळजवळ वर्षभर पातळ, आणि डबीतून झिरपून लायटरवर येतं. कापूर उत्तम, जरा दमटपणा त्याला अडवत नाही. फक्त तो उघडा राहिला की उडून जातो, तेव्हा झाकण घट्ट हवं.

पावसात चूल पेटवायची तर नारळाचं सोडण शोधा. बाहेरून भिजलेलं दिसतं, पण वरची साल पाणी आत जाऊ देत नाही. सोलून मधला काथ्या मोकळा केला, बोटांनी चुरून पक्ष्याच्या घरट्यासारखा केला की त्यात वात ठेवायची. वरून आधी काडीच्या जाडीच्या काटक्या, मग पेन्सिलीच्या, मग अंगठ्याच्या. शेवटी करवंटी, ती उशिरा पेट घेते पण निखारा दमदार देते. ओलं लाकूड असेल तर फोडून आतला कोरडा गाभा वापरा. लोक बहुधा चुकतात ते घाईत: पहिल्या ज्योतीवरच जाड ओंडका टाकतात आणि मग लायटरला दोष देतात.

बारीकसारीक कामंही निघतात. ताडपत्री बांधताना नायलॉनची दोरी कापली की टोक उसवतं. ज्योतीच्या कडेला दोन सेकंद धरून टोक वितळवा, थंड होईपर्यंत हात लावू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं. काटा काढायची सुई तापवायची तर ज्योतीच्या निळ्या बुडाशी धरा, पिवळ्या शेंड्याला काजळी धरते. जळवेला मात्र चटका देऊ नका; ती ओकारी जखमेत सोडण्याचा धोका असतो. नख आडवं घालून तोंडाकडून सरकवली की सुटते.

लायटर हातात असताना आधी नाकाने काम करा. वादळात भिंत हलली, शेगडीची नळी ओढली गेली आणि अंधारात गॅसचा वास आला, तर लायटर नाही, काडी नाही, विजेचं बटणही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. जनरेटरमध्ये पेट्रोल ओततानाही लायटर दुसऱ्या खोलीत. आणि निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ऊब म्हणून ठेवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

मोले, म्हादई, नेत्रावळीच्या रानात जाताना लायटर सोबत असू द्या, पण खोलवर, डबीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्यात त्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं गुन्हा आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, ते विझवायला हेलिकॉप्टरं लागली. मार्च ते मे तिथला पाचोळा कागदासारखा असतो. वाट चुकलात तर आधी शिटी. नाक्यावर लायटर जमा करायला सांगितला तर वाद न घालता द्या. विमानाला तर तो घरीच राहू द्या. दाबोळी असो वा मोप, हातातल्या पिशवीतही नाही आणि बॅगेतही नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदा पेटवून पाहा, एक सेकंद, बस. पारदर्शक अंगातून द्रवाची पातळी दिसते. पाव टाकीच्या खाली गेली की नवा आणा. गॅस पूर्ण संपला तरी ठिणगी उरते, ती वाया घालवू नका. कोरड्या कापसाच्या मऊ पुंजक्यावर चाक अगदी सावकाश फिरवून खड्याची भुकटी एकाच जागी पाडायची, मीठ भुरभुरल्यासारखी, आणि मग त्याच जागी चाक एकदम झटक्याने ओढायचं. भुकटी चटकन चमकते आणि कापूस पेटतो. हे कोरड्या दिवशी चार वेळा करून हात बसवून ठेवावा. पुढच्या मेमध्ये नवा लायटर आला की जुना समईपाशी जातो, तिथे रोज संध्याकाळी वापरून दोन महिन्यांत संपतो.