कशाची ददात आहे का?

माझी आई फोन ठेवण्याआधी एक प्रश्न हटकून विचारायची, "कशाची ददात नाही ना गं?" मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून "नाही गं" म्हणायचे आणि विषय संपायचा. पुढे २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षं मी पगार घेऊन हाच प्रश्न अनोळखी न्यूयॉर्ककरांना विचारला. फक्त त्याचे चाळीसएक तुकडे करून.

काम टेलिफोनवर मुलाखती घेण्याचं. संध्याकाळी चार ते नऊ, कानाला हेडसेट, समोर स्क्रीनवर स्क्रिप्ट. अभ्यास कोणाचा ते सांगणार नाही, कागदावर सही केली आहे. या प्रकारातला सगळ्यांना माहीत असलेला अभ्यास म्हणजे 'पॉव्हर्टी ट्रॅकर'. रॉबिन हूड ही न्यूयॉर्कमध्ये गरिबीविरुद्ध काम करणारी संस्था आणि कोलंबिया विद्यापीठ मिळून तो २०१२ पासून चालवतात. आमचा त्याच्यापुढे लहान, पण घडण तशीच: तीच माणसं निवडून ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी त्यांनाच फोन करायचा. नवी माणसं घेऊन नवा आकडा काढणं सोपं असतं. तीच माणसं धरून ठेवणं, हे खरं काम.

आधी उत्पन्न विचारायचं. मग घरभाडं थकलं का, वीज किंवा गॅस तोडला का, पैशांअभावी डॉक्टरकडे जाणं टाळलं का, दोन पगारांच्या मध्ये हातातले पैसे संपले का, दुसऱ्याच्या घरी मुक्काम हलवावा लागला का. या दुसऱ्या गटाला संशोधक 'मटेरियल हार्डशिप' म्हणतात. मी मनात ददात म्हणायचे. गरिबी आणि ददात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं, आणि शिकवलं ते शहराच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका बाईंनी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाई होम हेल्थ एड. म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं. तासाला पंधरा डॉलर. पदरी दोन मुलं. वर्षाचा हिशेब केला तर सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे तिघांच्या घरासाठी सरकारी दारिद्र्यरेषेच्या चांगल्यापैकी वर. कागदावर बाई गरीब नव्हत्याच. पण त्यांचे तास त्यांच्या हातात नव्हते. ज्यांची सेवा करायची ते आजोबा इस्पितळात दाखल झाले की त्याच दिवसापासून तास बंद. आजोबा गेले तर नवं घर मिळेपर्यंत शून्य. एका फोनला आठवड्याचे पंचेचाळीस तास, पुढच्या फोनला अठरा. वर्षाची सरासरी काढली की हे सगळे खाचखळगे बुजून सपाट रस्ता दिसतो.

"मी गरीब नाहीये, हनी," त्या मला म्हणाल्या होत्या, "शुक्रवारपर्यंत जरा ओढाताण आहे, एवढंच." असे शुक्रवार वर्षातून किती येतात ते विचारायला स्क्रिप्टमध्ये जागा नव्हती.

त्या सरकारी रेषेची गोष्ट मला कामावर रुजू झाल्यावर कळली आणि मी थक्क झाले. १९६० च्या दशकात मॉली ओर्शान्स्की नावाच्या, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या खात्यात काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञ बाईंनी ती आखली. कुटुंबाच्या किमान आहाराचा खर्च घ्यायचा आणि तिनाने गुणायचा, कारण १९५५ च्या एका पाहणीत कर वजा जाता घरच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर जात होता. पुढे महागाईप्रमाणे आकडा वाढवत नेला, पण ढाचा तोच. मिसिसिपीतल्या गावाला जी रेषा, तीच मॅनहॅटनला! २०११ पासून सेन्सस ब्युरो, म्हणजे जनगणना खातं, दुसरं एक मापही देतं. त्यात स्थानिक घरभाडं, कर, फूड स्टॅम्पसारखी (अन्न घ्यायला मिळणारी सरकारी) मदत सगळं धरतात. त्या मापाने २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरातल्या चौघांना सुमारे ४७ हजार डॉलर लागत होते. जुन्या रेषेला सुमारे ३१ हजार पुरत होते. नव्या मापाने पॉव्हर्टी ट्रॅकरने काढलेला त्या वर्षीचा आकडा असा: शहरातला दर चौथा माणूस गरीब, म्हणजे सुमारे वीस लाख लोक. देशाच्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट.

तीच माणसं का धरून ठेवायची याचं उत्तर मला २०२१ मध्ये मिळालं. जुलै ते डिसेंबर सरकारने मुलांच्या नावे दर महिन्याला थेट पैसे दिले, सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर, मोठ्यामागे २५०. ब्रॉन्क्सच्या बाईंना महिन्याला साडेपाचशे. ऑक्टोबरच्या फोनला मी नेहमीचा प्रश्न वाचला: 'अन्न संपेल आणि आणायला पैसे नसतील अशी काळजी वाटली, हे अनेकदा खरं, कधी कधी खरं, की कधीच खरं नाही?' दोन वर्षांत त्या पहिल्यांदा "कधीच नाही" म्हणाल्या. वर सांगितलं, की पोरीला बूट घेतले, थकलेलं विजेचं बिल फेडलं आणि एका रविवारी जादा पाळी नाकारून झोपल्या. झोपेसाठी रकाना नव्हता. मी शेरा म्हणून लिहिलं.

जानेवारीत पैसे बंद झाले. एप्रिलच्या फोनला उत्तर पुन्हा "कधी कधी". देशभराचा आकडा नंतर जाहीर झाला: नव्या मापाने मुलांची गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्के, २०२२ मध्ये १२.४. वर्तमानपत्रात तो वाचला तेव्हा मला आधी ते बूट आठवले.

आता या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट: माणसं हरवतात. पहिल्या मुलाखतीतच आम्ही तीन नावं मागून ठेवायचो, "तुम्ही कुठे आहात हे कायम ज्यांना ठाऊक असेल असे तिघं." बहीण, चर्चमधली मैत्रीण, जुना शेजारी. तरी नंबर बंद पडायचेच. माझं निरीक्षण असं, की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जास्त बंद लागतात. प्रीपेड फोन, रिचार्जला पैसे नाहीत. पहिल्या आठवड्यात तोच नंबर झकास वाजतो. ज्याचा फोन बंद त्याने खरं तर माझ्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर दिलेलंच आहे, पण मला स्क्रीनवर 'संपर्क नाही' एवढंच दाबता येतं. तर्क लिहायचा नाही, अशी सुपरवायझरची सक्त ताकीद, आणि ती बरोबरच आहे. तर्क लिहायला लागलं की पाहणीचं कीर्तन व्हायला वेळ लागत नाही. मग संख्याशास्त्रवाले उरलेल्यांतल्या, हरवलेल्यांसारख्याच दिसणाऱ्या माणसांना जास्त भार देऊन गळतीची भरपाई करतात. गणित मला मान्य आहे. पण जो सापडला तो, जो सापडला नाही त्याच्यासारखा असेल का, याबद्दल मी फोनच्या या टोकाला बसून जरा साशंक झाले.

ब्रॉन्क्सच्या बाईही २०२३ मध्ये हरवल्या. दोन फेऱ्या 'संपर्क नाही'. बहिणीचा नंबर भलत्याच माणसाकडे गेला होता. मैत्रीण म्हणाली, घर सोडलं, बहुतेक नात्यातल्या कोणाकडे राहतात, विचारून सांगते. तिसऱ्या फेरीला अनोळखी नंबरवरून आमच्या ऑफिसला फोन आला आणि तो योगायोगाने माझ्याकडे वळवला गेला. मागे टीव्हीचा आणि बऱ्याच मुलांचा आवाज. त्या हळू बोलत होत्या, स्वतःचं घर नसलेलं माणूस बोलतं तसं.

"तूच ना? चल, विचार पटापट. हा फोन माझा नाही."

मी संमतीचा परिच्छेद वाचला, उत्पन्नाचे प्रश्न घेतले. जेवणाच्या भागाशी आलो आणि मी 'अन्न संपेल' एवढंच म्हटलं, तोच त्या म्हणाल्या, "अनेकदा."

उत्तर आधीच आलं तरी प्रश्न पूर्ण वाचायचा, असा नियम आहे. मी पूर्ण वाचला. तिन्ही पर्यायांसकट. त्या थांबून राहिल्या, मागे कोणाला तरी "गप्प बसा" म्हणाल्या आणि मग पुन्हा तेच उत्तर दिलं.