लोणावळा लोकल आणि ३६०० भागिले सेकंद

मंडळी, रुळांलगतच्या किलोमीटरच्या पाट्यांवरून गाडीचा वेग काढणं आता कागदाशिवाय जमू लागलंय. पुणे–लोणावळा मार्ग या सरावाला फार सोयीचा. किलोमीटर मुंबईच्या सीएसएमटीपासून मोजलेले; पुणे १९२ च्या आसपास, लोणावळा १२८ च्या. पुण्याहून निघालं की आकडे उतरत जातात, मधलं अंतर ६४.

शाळेतली एकमान पद्धतच इथे वापरायची, फक्त ‘एक’ कशाला धरायचं ते आधी ठरवायचं. खिडकीत बसलेल्याला अंतर आयतं मिळतं, मोजायचा असतो वेळ. म्हणून ‘एका किलोमीटरला किती सेकंद’ हेच एकमान. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग: ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०, ५० ला ७२, ६० ला ६०.

मधल्या सेकंदांसाठी सापडलेली युक्ती मला फार आवडली. वरच्या पाठ केलेल्या वेगांपैकी जवळच्याला त्याच्याच सेकंदांनी भागायचं. ८० भागिले ४५ म्हणजे सुमारे १.८, तिथे प्रत्येक सेकंदाला एवढा फरक. ४३ सेकंद आले तर ८० अधिक ३.६, म्हणजे ८३.६. खरं उत्तर ८३.७! दोन-तीन सेकंदांच्या पलीकडे मात्र ही युक्ती ताणू नये.

याच हिशेबातून घड्याळाची चूकही कळते. ४५ सेकंदांत एक सेकंद इकडेतिकडे झाला की उत्तर जवळजवळ २ नं हलतं. सलग पाच किलोमीटर मोजले तर तोच सेकंद जेमतेम ०.४ चा फरक पाडतो. शिवाजीनगर ते चिंचवड लोकल दर दोन-तीन किलोमीटरला थांबते, तिथे हे शक्य नाही. त्यासाठी न थांबणारी एक्सप्रेसच हवी. विजेच्या खांबांवरही क्रमांक असतात, पण वळणावर खांब जवळ येतात, त्यामुळे खांब मोजून अंतर धरू नका.

समोरून येणारी गाडी हे माझं सध्याचं आवडतं गणित. समजा आपण ताशी ७२ नं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं चाललोय. समोरची गाडी २२ एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या लांब डब्यांची. डबा सुमारे २४ मीटर, इंजिन धरून साडेपाचशे मीटर. ती खिडकीसमोरून ११ सेकंदांत गेली तर दोघींचा मिळून वेग सेकंदाला ५० मीटर. आपले २० वजा केले की तिचे ३०. सेकंदाच्या मीटरचे ताशी किलोमीटर करायला गुणिले १८, भागिले ५, म्हणजे ताशी १०८. इथे आपल्या गाडीची लांबी मिळवायची नाही, कारण आपण एका खिडकीतून बघतोय. पुस्तकी उदाहरणांत दोन्ही लांब्या मिळवायची सवय इतकी मुरलेली असते की हे मुद्दाम सांगतो.

डेक्कन क्वीन पुणे–मुंबई १९२ किलोमीटर सुमारे १९० मिनिटांत कापते, मिनिटाला जवळपास एक किलोमीटर. पण लोणावळा–कर्जत घाटाच्या २८ किलोमीटरला समजा पाऊण तास धरला, तर तिथे सरासरी ३७ आणि उरलेल्या १६४ ला ६८. या दोहोंची नुसती सरासरी ५२.५ येते, खरी ६०.६. गाडी प्रत्येक वेगात किती वेळ होती, ते धरावंच लागतं.

पुढे तळेगावहून सुटणाऱ्या लोकलचे पहिले दोन किलोमीटर वेगवेगळे मोजून ती वेग कसा पकडते ते मांडायचंय. दुसऱ्या डब्यातून कुणी त्याच पाट्यांवर घड्याळ लावणार असेल, तर आकडे ताडून बघू.