डाव्या कानात नाट्यगीत, उजव्या कानात आजी

काकूंनी पिशवीतून आधी सीडी काढली, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुन्या टेपच्या स्पूलचा, म्हणजे रिळाचा, चपटा डबा. "बाबांनी केलेलं रेकॉर्डिंग आहे, पण ऐकवत नाही हो. रेडिओवरचं गाणं आणि माझ्या आजीच्या ओव्या पार कालवल्यात एकमेकांत. सीडी करून देणारे म्हणाले, टेपच तशी आहे, जुनी झाली. मला गाणं नको. तेवढा आजीचा आवाज वेगळा काढून द्याल?"

मी पुण्यात जुन्या टेप्स डिजिटल करून देण्याचं काम करतो. अशी मागणी आठवड्याला एखादी तरी येते. आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आता निघाली आहेत, पण एका बाजूला तान घेणारा गळा, दुसऱ्या बाजूला ओवी म्हणणारी बाई आणि मागे जात्याची घरघर, असा गुंता त्यांच्यापुढे टाकला की जे हाती येतं ते मी तरी त्या माणसाचा आवाज म्हणून कोणाच्या हातात द्यायला धजत नाही. म्हणून नाही म्हणण्याच्या तयारीनेच मी सीडी लावली.

ऐकायला खरंच हाल होते. सवयीने एक तपासणी केली. डावा आणि उजवा चॅनेल वेगळे केले, एकाचा फेज उलटा केला, म्हणजे आवाजाच्या लाटेचे चढ खाली आणि उतार वर, आणि दोन्ही एकत्र वाजवले. खरं म्हणजे ती पोलॅरिटी, पण स्टुडिओत सगळे फेजच म्हणतात. दोन्ही चॅनेलमध्ये जे जे सारखं असतं ते असं करताना एकमेकांना खाऊन टाकतं, पाचात उणे पाच मिळवल्यासारखं. खऱ्या स्टीरिओ गाण्यावर हे केलं तर मधोमध ठेवलेला गायकाचा आवाज बराचसा जातो आणि कडेची वाद्यं, आवाजाभोवतीचा घुमारा मागे राहतो. इथे काहीच राहिलं नाही. मीटर तळाला. म्हणजे सीडीवर दोन चॅनेल असले तरी दोन्हींत अक्षरशः एकच आवाज होता. त्यात नवल नाही. ऑडिओ सीडीला दोन चॅनेल द्यावेच लागतात, मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं रेकॉर्डिंग असेल तर तेच दोनदा.

प्रश्न असा की ही बेरीज टेपवर झाली होती की टेपवरून उतरवताना? उतरवताना झाली असेल, तर सीडीवरून मागे जायची वाट बंद होती. बेरीज बारा आहे एवढंच हाती असेल तर ती सात आणि पाचाची की आठ आणि चाराची, हे बारा बघून कसं सांगणार?

मग डबा उघडला. आधी वास घेतला. काही जुन्या टेप्स कुजायला लागल्या की व्हिनेगरसारखा आंबट दर्प येतो. तो नव्हता. पाच इंची स्पूल, टेप सपाट आणि नीट गुंडाळलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने, काकूंच्या बाबांच्या शाळामास्तरी अक्षरात, तीन ओळी होत्या:

१ – रेडिओ
३ – आई
४ – रेडिओ

"बाबांचं मशीन कुठलं होतं?"

"ग्रुंडिग. मुंबईहून कोणाकडून तरी आणलेलं. आम्हाला हात लावू देत नसत."

मला त्या आकड्यांनी उभारी आली. ही टेप सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद. तिच्यावर एकाखाली एक असे चार पट्टे रेकॉर्ड करणारी घरगुती मशीन्स साठच्या दशकात निघत होती. पहिला आणि तिसरा पट्टा एका दिशेने, स्पूल उलटा लावला की चौथा आणि दुसरा दुसऱ्या दिशेने. त्यांतली बरीच मशीन्स मोनो होती, एका वेळी एकच पट्टा वाजवायची. कुठला ते बटणाने निवडायचं. टेप महाग होती, त्यामुळे मास्तरांनी बटण फिरवून एका स्पूलचे चार केले होते. साधारण २७० मीटर टेप, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर वेग, म्हणजे एका पट्ट्यावर पाऊण तासाहून थोडं जास्त. चारही भरले तर तीन तास.

त्यांच्या मशीनवर कधीच काही कालवलं गेलं नसणार. चार पट्ट्यांचा स्टीरिओ डेक, म्हणजे टेप वाजवणारं यंत्र, मात्र पहिला आणि तिसरा पट्टा एकदम वाचतो, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, कारण स्टीरिओ रेकॉर्डिंग तिथेच असतं. पुढे कोणी दोन्ही वायरी एकत्र जोडल्या किंवा मोनोचं बटण दाबलं, की झाली भाजी.

माझ्या रिव्हॉक्स डेकवर स्पूल चढवला आणि हेडफोन काकूंच्या कानाला लावले. त्या दचकल्या. डाव्या कानात नाट्यगीत, मीडियम वेव्हच्या खरखरीसकट, मध्येच आवाज बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. उजव्या कानात जातं. मी डावा कप त्यांच्या कानावरून बाजूला केला.

जात्याची घरघर एकसारखी नसते. दांडा लांब ढकलला जातो तेव्हा ती खाली उतरते, जवळ ओढताना चढते, आणि प्रत्येक फेऱ्याला एका ठरावीक जागी बांगड्या वाजतात. ओवीची ओळ त्या बांगड्यांवर येऊन टेकत होती. काकू काही बोलल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर त्यांचं बोट तेवढं फिरत होतं.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दोन कानांत दोन वेगळं येतंय, म्हणजे हे स्टीरिओच झालं ना?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण या व्यवसायातली शिकलेली माणसंही इथेच फसतात. मी त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली. १८८१ साली तिथे विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर नावाच्या माणसाने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे मायक्रोफोन मांडले आणि प्रदर्शनातल्या श्रोत्यांना एकेका कानासाठी एकेक रिसीव्हर दिला. तारा दोन, रिसीव्हर दोन, प्रत्येक तार स्वतंत्रपणे अगदी मोनो. तरी लोकांना गायक डावीकडून उजवीकडे चालत गेलेला कळत होता. कारण दोन्ही मायक्रोफोन एकाच रंगमंचावरचा एकच क्षण ऐकत होते, फक्त जरा वेगवेगळ्या जागांवरून. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचतो, त्या कानाला थोडा मोठा लागतो, आणि तेवढ्या फरकावर आपला मेंदू दिशा ठरवतो. स्टीरिओ तारांमध्ये नसतो, दोन तारांमधल्या नात्यात असतो. तुमच्या टेपवर दोन पट्टे एकाच दिशेने जाणारे आहेत, पण गाणं रेडिओतून आलेलं आणि ओव्या घरातल्या, वेगळ्या वेळी. नातं काहीच नाही. हे दोन मोनो आहेत, एका टेपवर भाड्याने राहणारे.

"म्हणजे चाळ," काकू म्हणाल्या. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

स्क्रीनवर कोरिलेशन मीटर, म्हणजे दोन चॅनेल एकमेकांशी किती जुळतात ते मोजणारा काटा, तेच दाखवत होता. दोन्ही चॅनेल एकसारखे असले की तो अधिक एकवर जातो, संगीताच्या खऱ्या स्टीरिओत बहुतेक वेळ शून्य आणि एकच्या मध्ये हलत राहतो. इथे तो शून्याच्या आगेमागे घुटमळत होता. नुसत्या मीटरवर निकाल देऊ नये, खूप पसरट स्टीरिओही शून्याजवळ येतो. पण कान आणि डब्यावरचं अक्षर दोन्ही साक्षीला असताना शंका राहिली नाही.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. काकूंच्या आग्रहाखातर दोन मिनिटांचा तुकडा मी डेकवरून आला तसाच, डावा-उजवा, त्यांच्या बंगळूरच्या मुलाला पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन. "काका, सेम प्रॉब्लेम आहे. दोन्ही एकत्रच ऐकू येतंय." त्याने तो स्वयंपाकघरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावला होता. एकच डबी, ती दोन्ही चॅनेलची बेरीज करूनच वाजवणार. आणि त्याने एकच इअरबड कानात घातला असता, तर कुठला कान यावर आजी ऐकू येणार की नुसतं गाणं, हे ठरलं असतं. दोन मोनो एका स्टीरिओ फाइलमध्ये ठेवून कोणाच्या हाती देणं म्हणजे पुढच्या प्रत्येक माणसाला ती कालवायची संधी देणं. लगेच दोन्ही पट्टे दोन स्वतंत्र मोनो फाइल केल्या, प्रत्येकीला नाव दिलं, आणि आजीची फाइल त्याला पुन्हा पाठवली.

"थोडं स्टीरिओ करून देता येईल का? भरल्यासारखं वाटेल," त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. एका मायक्रोफोनसमोर बसलेल्या बाईभोवती खोटी खोली उभी करायची, आणि पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला वाटावं की ती खोली तिची होती, हे मला पटत नाही.

आजीच्या पट्ट्याच्या शेवटाला घरघर मंदावली आणि थांबली. पुरुषाचा आवाज आला, "आई, अजून एक म्हण की."

"आता कशी म्हणू? दळण सरलं."

त्यानंतर टेप तशीच चालू राहिली होती. त्या शांततेत मला उजव्या कानात काहीतरी बारीक कुजबुज लागली. आवाज वाढवला. बोलणं होतं, पण उलटं, शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे ओढल्यासारखे. तिसऱ्या पट्ट्याला लागून दुसरा आणि चौथा. टेप वाचणारा डेकचा हेड जरासा वरखाली असला तर शेजारचा आवाज झिरपतो, आणि ते दोन्ही विरुद्ध दिशेचे म्हणून उलटा. पण चौथ्यावर रेडिओ होता, आणि ही कुजबुज गाण्याची नव्हती. दोन नंबरपुढे डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

स्पूल उलटा लावला. डावा चॅनेल बंद केला, उजवा दोन्ही कानांना जोडला आणि हेडफोन पुन्हा काकूंना दिले. मी स्पीकरवर हळू आवाजात ऐकत होतो. एक लहान मुलगी घाईघाईने पाढा म्हणत होती, आणि मागून तोच पुरुष, "सावकाश, सावकाश." तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते... आणि ती अडली. टेपवर दोन-तीन सेकंद नुसती खरखर.

"एक्क्याण्णव," काकू म्हणाल्या. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, बाहेरच्या खोलीतून मुलं डोकावली.