सात राज्यं, एकच हीट

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, एक्स्पोर्ट बघतो. म्हणजे मेल, इन्व्हॉइस, कंटेनर, बँक, आणि त्याशिवाय जगात कुठं खुट्ट वाजलं की मालकांच्या केबिनमध्ये जाऊन त्याचं उत्तर देणं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आमचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून का चाललाय हे पण मलाच विचारलं होतं, जसं काय मीच वळवलाय.

तर गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरची. दिवाळी उरकून ४ तारखेला सोमवारी फौंड्री उघडली, उघडली म्हणजे नावालाच, मोल्डिंगची निम्मी पोरं बिहारची आणि ७ ला छठ त्यामुळं ती गावाकडं, एकच फर्नेस एकाच शिफ्टला चालू. त्यात त्याच दुपारी विधानसभेच्या कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं माघारीच्या शेवटच्या क्षणी अर्ज काढून घेतला आणि अख्ख्या शहराच्या तोंडात दुसरा विषयच उरला नाही. चहाच्या गाड्यावर, फेटलिंगला, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, जिकडं जाईल तिकडं तेच.

आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी ५ तारखेला सकाळी मालकांनी बोलवून विचारलं, "अमेरिकेत कोण येतंय?"

मी हसलो, ते नाही हसले.

तिकडं त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान, आणि त्यांना विचारायला कारण होतं. अमेरिकेतला आमचा एक कस्टमर, पंपाच्या बॉडी घेतो, त्याच्याकडं एका नव्या पार्टचं कोटेशन दोन महिने पडून होतं आणि प्रत्येक मेलला एकच उत्तर, इलेक्शननंतर बघू. ट्रम्प तात्या प्रचारात सांगत होते की बाहेरच्या सगळ्या मालावर १० ते २० टक्के टॅरिफ आणि चीनवर ६० टक्के. नुसतं चीनवर लागलं तर आमची चांदी, कारण चीनचं कास्टिंग महाग झालं की गिऱ्हाईक इकडंच वळणार. सगळ्यांवर लागलं तर मात्र आमचं पण अवघड. आणि दुसरं म्हणजे जानेवारीत दीड लाख डॉलर यायचे होते, बँकेचा माणूस सकाळपासनं फोन करत होता, आजच्या रेटनं फॉरवर्ड बुक करताय का म्हणून. म्हणजे डॉलर जानेवारीत येणार पण भाव आजच ठरवून टाकायचा. तात्या आले तर डॉलर वाढेल असं सगळे म्हणत होते, मग आज बुक करणं म्हणजे तोटा. समोरच्या कमला हॅरिसबाई आल्या तर उलटं.

"दुपारी तीनपर्यंत सांग," मालक म्हणाले.

आता खरं सांगायचं तर माझं उत्तर दोन दिवस आधीच ठरलेलं होतं. ३ तारखेला भाऊबीजेला बहिणीकडं इचलकरंजीत होतो, सकाळी मोबाईल उघडला तर आयोवाचा पोल आलेला. ॲन सेल्झर म्हणून बाई आहेत, आयोवाच्या पोलमध्ये त्यांचं नाव फार मोठं, आणि त्यांनी तिथं हॅरिस ४७, ट्रम्प ४४ दिलेले. आयोवा म्हणजे तात्यांनी आधी दोनदा आरामात जिंकलेलं राज्य. तिथं जर बाई पुढं असतील तर शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये काय होईल, विषयच संपला, असं मी पाटावर बसल्या बसल्या मेहुण्यांना समजावलं होतं. बहीण म्हणाली आधी ओवाळून घे.

पण मालकांना एका पोलवर कसं सांगणार, म्हणून एक्सेल उघडलं. तिकडं देशभर कुणाला जास्त मतं यावर काही ठरत नाही, राज्याराज्याची मतं असतात, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. २०१६ ला हिलरी क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं जास्त पडली तरी त्या हरल्या त्या यामुळंच. यावेळी बाकीची राज्यं जवळपास ठरलेली होती, हॅरिसच्या बाजूला २२६, ट्रम्पच्या बाजूला २१९, आणि मधे सात राज्यं लोंबकळत. पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना १६-१६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. बेरीज ९३. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन तिन्ही मिळाली तर हॅरिसचे बरोबर २७०, एक मत इकडं नाही की तिकडं नाही.

साती ठिकाणी पोल इतके घासून की मी सरळ छापा-काटा धरला. सात नाणी, १२८ प्रकार, प्रत्येक प्रकारात कोण जिंकतंय ते मांडलं. बाराला शीट तयार, रंगबिंग भरून. त्यातली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे साती राज्यं दोघांपैकी ठरावीक एकाच्याच पदरात पडायची शक्यता १२८ त १, पाऊण टक्का. म्हणजे निकाल चिवट लागणार, दोन-चार दिवस लांबणार, डॉलर वरखाली होत राहणार. मी स्वतःवरच खूश.

डबा खायला मेल्टिंगच्या मामांसोबत बसतो मी. मामांची फर्नेसवर पस्तीस वर्षं झाली असतील, पूर्वी कोक टाकून क्युपोला भट्टी चालवायचे, आता विजेवरची इंडक्शन. त्यांना अमेरिकेचं काही पडलेलं नव्हतं, पण मी बोलतोय म्हटल्यावर ऐकत होते. सात नाणी, १२८ प्रकार वगैरे झालं. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "ही सात राज्यं एकाच हीटची का येगयेगळ्या?"

मला कळलंच नाही.

"अवो, हीट म्हंजे भट्टी उतरली की एका लॅडलमधनं सात साच्याचं बॉक्स भरलं. आता त्या मेटलमधी सिलिकॉनच कमी पडलाय. मग काय चार बॉक्स चांगलं आन् तीन रिजेक्ट असं हुतंय व्हय? सातीच्या साती कडक येनार. मशीनशॉपवाला बोंबलत येतोय. तुमी येकेका बॉक्सचं नाणं उडवत बसलाय."

माझा घास हातातच. पोल चुकतात ते राज्याराज्यात आपापलं वेगळं चुकत नाहीत. फोन न उचलणारा जो मतदार आहे तो पेनसिल्व्हेनियात पण उचलत नाही आणि जॉर्जियात पण उचलत नाही. २०१६ ला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन तिन्हीकडं पोल चुकले आणि तिन्हीकडं एकाच बाजूला चुकले. २०२० ला बायडेन जिंकले खरे पण तेव्हा पण पोल तात्यांना कमीच दाखवत होते. हे सगळं मला माहीत होतं, वाचलेलं होतं, आणि तरी मी सात सुटी नाणी उडवली. कारण एक्सेलमध्ये ते सोपं होतं, दुसरं काय.

डबा तसाच ठेवून वर गेलो. आता एक चूक सगळ्या राज्यांना सामायिक धरली, एक ज्याची त्याची स्वतःची, दोन्हींचं वजन सारखं. एवढा एकच फरक, बाकी सगळं तेच, राज्यं तीच, पोल तेच. साती ठरावीक एकाला जायची शक्यता १२८ त १ ची थेट ८ त १ झाली. म्हणजे दोघांपैकी कुणी ना कुणी सगळं झाडून नेण्याची शक्यता चारात एक. पाच मिनिटं नुसता आकड्याकडं बघत बसलो, फॉर्म्युला चुकला असेल म्हणून परत टाकला, तेच आलं.

तीन वाजता केबिनमध्ये. सांगितलं की कोण येणार ते ५०-५०, पण जो येईल तो घासूनच येईल असं धरून चालू नका, धडाक्यात पण येऊ शकतो.

"तुझा कौल कुणाला?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण आयोवा डोक्यातनं जाईना. "हॅरिस," म्हटलं.

"किती टक्के?"

"म्हणजे... ५०-५० च, पण हॅरिस."

"मग तुझा पगार पण ५०-५० करूया का, निम्मा देतो, निम्मा बघू," असं म्हणून त्यांनी बँकेला फोन लावला आणि पाऊण लाख डॉलर बुक केले, पाऊण लाख उघडे ठेवले. इतकं शिकून मी जे दोन वाक्यात सांगू शकलो नाही ते त्यांनी एका फोनमध्ये केलं. जूनमध्ये लोकसभेच्या एक्झिट पोलवर मी असाच छातीठोक बोललो होतो, चॅनेलवाले एनडीएला ३५० च्या वर देत होते आणि आले २९३. ते पण मालकांना आठवत असणार, बोलले नाहीत एवढंच.

६ तारखेला पहाटे साडेपाचला मी उठून बसलो, जॉर्जियातलं मतदान आपल्याकडच्या त्या वेळेला संपतं. बायको म्हणाली ह्याला स्वतःच्या वॉर्डातला नगरसेवक कोण ते माहीत नाही. फौंड्रीत पोचेस्तोवर वारं कळलंच होतं. पावणेदहाच्या सुमारास नॉर्थ कॅरोलिना तात्यांना, साडेअकराला जॉर्जिया, एकला पाच मिनिटं कमी असताना पेनसिल्व्हेनिया. चारला विस्कॉन्सिन आणि खेळ खलास. उरलेली तीन कळायला रविवार उजाडला पण तोपर्यंत काही राहिलंच नव्हतं, साती तात्यांना, ३१२ विरुद्ध २२६. आणि गंमत म्हणजे पोल काय फार चुकले नव्हते, विस्कॉन्सिनमध्ये दोघांच्या मतांतला फरक एक टक्क्याच्या पण आत. थोडंच चुकले, पण सगळीकडं एकाच बाजूला.

आयोवा? तिथं तात्या १३ टक्क्यांनी आले. मेहुण्यांचा फक्त एक इमोजी आला, बत्तीशी दाखवणारा.

डॉलर ६ तारखेला ८४.२५ रुपयांच्या वर गेला, आदल्या दिवशीपेक्षा पंधरा-वीस पैसे. म्हणजे बुक केलेल्या पाऊण लाखावर तेरा-चौदा हजाराचा चुना आणि उघड्या पाऊण लाखावर तेवढाच फायदा, जमाखर्च शून्य. मालकांनी तो हिशोब विचारला पण नाही.

मामांना मी त्याच दुपारी खाली जाऊन सांगितलं की साती एकाच बाजूला चाललीत. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "आन् ते भाऊबीजंचं सॅम्पल कुठनं काढलं हुतं?" मी म्हटलं आठशे मतदार घेतले होते, चांगल्या नावाजलेल्या बाई आहेत. मामांनी हातातला चमचा फर्नेसमध्ये खाली घालून ढवळला, वरचा मळ, म्हणजे स्लॅग, बाजूला सारला, मग मेटल तपासणाऱ्या स्पेक्ट्रोसाठी सॅम्पलचा कॉईन ओतला. बोलले काहीच नाहीत, बहुतेक ते रोजच्यासारखंच करत होते, मलाच टोमणा वाटला. वर येऊन मी १९३६ चं आठवत बसलो, अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं १ कोटी लोकांना कार्डं पाठवलेली, जवळपास २४ लाख परत आली आणि त्यावरनं रूझवेल्टविरुद्धचे लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. फोनवाल्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या याद्या होत्या त्या, मंदीच्या काळात. आणि कार्ड परत पाठवायची हौस पण ज्यांना होती त्यांचीच आली.

संध्याकाळी सात वाजता, तिकडची सकाळ, कस्टमरचा मेल आला. नव्या पार्टबद्दल एक अक्षर नाही. चालू पार्टचं मार्चपर्यंतचं शेड्यूल डिसेंबरअखेर जहाजावर चढवता येईल का, नवं टॅरिफ लागायच्या आत माल आत आलेला बरा. कोण येणार याचा घोर मी दोन दिवस लावून घेतला, आणि आता कळतंय की तीन महिन्यांचं कास्टिंग दीड महिन्यात काढायचंय, ते पण निम्म्या माणसांवर.

मेलची प्रिंट घेऊन खाली गेलो. मामांनी चष्मा वर करून आकडा बघितला, खिशातनं फोन काढला आणि मोल्डिंगच्या मुकादमाला बिहारमध्ये व्हिडिओ कॉल लावला. तिकडं घाटावरची गाणी, इकडं फर्नेसचा आवाज, दोघं एकमेकांना ओरडून विचारतायत, "कब आता है रे?" मागनं मालक आले, थोडा वेळ थांबले, मग मला हळूच म्हणाले, "बरं, उत्तरमध्ये काय होईल वाटतंय?"

मी म्हटलं मालक, मला कंटेनर बुक करायचाय.